सोवळे दूध, तापवलेले दूध

(१)

दूध निरसे प्यावे की तापवून, हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला वाटतो. त्यासाठी त्रैमासिकाची पाने कशाला खर्ची घालायची, असेही कुणी विचारील. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन या देशांत या एका प्रश्नावरून नगरपालिका, विधिमंडळे, डॉक्टर, शेतकरी आणि भांडवलदार यांच्यात जवळजवळ शंभर वर्षे झगडा चालला. तो झगडा अभ्यासताना असे ध्यानात येते, की तो दुधाचा कमी आणि 'शुद्ध कशाला म्हणायचे व ते ठरवायचे कोणी' या प्रश्नाचा अधिक होता. शुद्ध-अशुद्धाचा निवाडा ज्यांच्यावर पिढ्यान्पिढ्या लादला गेला, त्या समाजातून आलेल्या वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. म्हणून हा लेख.

आधी दोन शब्द पाश्चरीकरण म्हणजे काय याविषयी. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात जे संशोधन केले ते दुधावर नव्हते, मद्यावर होते. मद्य नासते ते सूक्ष्म जीवांमुळे, आणि ते उकळी येण्याच्या पुष्कळ आधीच थांबवून बेताचे तापवले तर चव न बिघडता हे जीव मरतात, हे त्याने दाखवून दिले. लहान मुलांसाठी दूधही असेच तापवावे, ही सूचना १८८६ मध्ये जर्मनीत फ्रान्झ फॉन सॉक्सलेट याने केली. आज दुग्धशाळांत दूध एक तर ६३ अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवतात किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद, आणि लगेच थंड करतात. म्हणजे पाश्चरीकरण हे उकळणे नव्हे. दुधातला एकूण एक जीव मारणे हाही त्याचा हेतू नाही. क्षयासारखे रोग पसरवणारे जंतू मरावेत आणि दूध दूधच राहावे, एवढाच तो हिशोब आहे.

(२)

या झगड्याची सुरुवात यंत्राने झाली नाही, भुकेने झाली. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क शहर झपाट्याने वाढत होते. युरोपातून आलेले कष्टकरी दाटीवाटीच्या खोल्यांत राहत होते. बायांना कामावर जावे लागे, त्यामुळे तान्ह्या मुलांना अंगावरचे दूध पुरेसे मिळत नसे. बाजारचे दूध लागे, आणि बाजारचे दूध कुठून येई? दारूच्या भट्ट्यांना लागून असलेल्या गोठ्यांतून. भट्टीतून धान्याचा उरलेला गरम चोथा नळीने थेट गव्हाणीत सोडला जाई. गायी जागच्या जागी बांधलेल्या असत. त्यांच्या अंगावर फोड येत, शेपट्या सडून गळत, तरी त्यांचे दूध काढणे थांबत नसे. निळसर पातळ दुधात खडू वा पीठ कालवून ते खेड्यातले शुद्ध दूध म्हणून विकले जाई.

रॉबर्ट हार्टली या सुधारकाने १८४२ साली यावर एक ग्रंथच लिहिला. १८५८ साली फ्रँक लेस्ली याच्या सचित्र साप्ताहिकाने या गोठ्यांची चित्रे छापून शहर हादरवून सोडले. मग चौकशी समिती बसली आणि चौकशी समित्या करतात तेच तिने केले: गोठेवाल्यांना जवळजवळ निर्दोष ठरवले. असल्या दुधाच्या विक्रीला बंदी करणारा कायदा न्यूयॉर्क राज्यात व्हायला १८६२ साल उजाडावे लागले. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आज निरशा दुधाचे समर्थक यंत्रापूर्वीच्या काळाला दुधाचा सुवर्णकाळ म्हणतात. गरिबाच्या मुलासाठी असा सुवर्णकाळ कधी नव्हता. त्याच्या वाट्याला जे दूध आले ते निरसेच होते, आणि त्यातूनच अतिसार, विषमज्वर, घटसर्प आणि क्षय त्याच्या घरात शिरले.

(३)

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधला. त्यानंतर दुधाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. गढूळपणा, वास, पातळपणा या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून दूध चांगले की वाईट हे ठरवता येत नाही, हे कळून चुकले. पांढरेशुभ्र, घट्ट, गोड दूधही जीवघेणे असू शकते. मग उपाय काय? १८९३ या एकाच वर्षी अमेरिकेत दोन वेगवेगळी उत्तरे पुढे आली, आणि पुढचा सगळा वाद या दोन उत्तरांमधला वाद आहे.

पहिले उत्तर हेन्री कॉइट या न्यूअर्कच्या डॉक्टरचे. त्याचे म्हणणे असे, की दूध तापवू नका, दूध जिथे निघते ती जागा सुधारा. गायींची तपासणी, गोठ्याची धुलाई, धार काढणाऱ्यांची आरोग्यतपासणी, बाटल्यांची स्वच्छता, आणि या सगळ्यावर डॉक्टरांच्या मंडळाची देखरेख. एका गोठेमालकाशी त्याने तसा करार केला. अशा दुधाला 'प्रमाणित दूध' असे नाव मिळाले. ते निरसे असे आणि खरोखरच पुष्कळ चांगले असे. अडचण एकच होती. त्याची किंमत साध्या दुधाच्या जवळपास दुप्पट पडे. एकूण दुधात त्याचा वाटा नेहमी अगदी थोडा राहिला. ज्याच्या घरी डॉक्टर येई त्याच्या घरी ते दूध येई.

दुसरे उत्तर नेथन स्ट्रॉस याचे. हा जर्मनीतून आलेल्या ज्यू कुटुंबातला, मेसी या मोठ्या दुकानाचा एक मालक. १८४८च्या जर्मन क्रांतीत भाग घेऊन तुरुंगवास भोगलेले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये बालरोगांचे नामवंत डॉक्टर झालेले अब्राहम जेकोबी यांच्या सल्ल्याने त्याने १८९३च्या उन्हाळ्यात शहराच्या गरीब वस्तीत पाश्चरीकृत दुधाचे केंद्र उघडले. दर अल्प, आणि ज्यांच्याकडे तेवढेही नाहीत त्यांना डॉक्टरांमार्फत चिठ्ठीवर फुकट. पुढे त्याने रँडल्स आयलंडवरच्या शहराच्या अनाथाश्रमात आपला प्रयोग नेला. तिथल्या मुलांना मिळणारे दूध आश्रमाच्याच चांगल्या कळपाचे होते, तरी शंभरातली चाळीसहून अधिक मुले मरत. १८९८ मध्ये तेच दूध पाश्चरीकरण करून देऊ लागल्यावर हा आकडा विसाच्या घरात आला. गायी त्याच, आश्रम तोच. बदलली होती ती फक्त दुधाला दिलेली आच.

कॉइट आणि स्ट्रॉस दोघेही प्रामाणिक होते. पण प्रामाणिकपणाने प्रश्नाचे वर्गीय रूप बदलत नाही. दुधाची शुद्धता उगमाशी राखायची तर तिला पैसा लागतो, आणि पैसा मोजणाऱ्यालाच ती मिळते. दूध वाटेत निर्धोक करायचे तर ते सगळ्यांसाठी करता येते. पहिल्या मार्गाने चांगले दूध निर्माण झाले, दुसऱ्या मार्गाने सार्वजनिक दूध निर्माण झाले.

(४)

म्हणून विरोधक सगळे मूर्ख किंवा स्वार्थी होते असे म्हणणे हा इतिहासावर अन्याय होईल. त्यांच्या आक्षेपांत तथ्यही होते, आणि ते नीट समजून घेतले पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की पाश्चरीकरण हे घाणीवरचे पांघरूण आहे. गोठा घाणेरडा ठेवा, दूध तापवा, विका. सुरुवातीला हे अक्षरशः खरे होते. दूध लवकर आंबू नये म्हणून मोठे दूधव्यापारी ते गुपचूप, घाईघाईने तापवत आणि ताजे म्हणून विकत. त्या तापवण्याला ना ठरलेली आच होती ना ठरलेली वेळ. रोगजंतू मरतात की नाही हे कुणी पाहत नव्हते. ६० अंशांवर वीस मिनिटे ठेवले तर दुधातून पसरणारे मुख्य रोगजंतू मरतात, हे मिल्टन रोझेनाऊ याने पद्धतशीर प्रयोगांनी सिद्ध केले, तेव्हा कुठे या गोष्टीला शास्त्राचा पाया मिळाला.

दुसरा आक्षेप पोषणाचा. तापवलेले दूध मृत दूध, त्यातले सत्त्व जाते, असे म्हणत. यातला बराचसा भाग भावनेचा होता, पण एक भाग खरा निघाला. नुसत्या पाश्चरीकृत दुधावर वाढणाऱ्या काही बाळांना स्कर्व्ही होते, हे न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड हेस याने १९१४च्या सुमारास दाखवले. मग त्याने काय केले? दूध पुन्हा निरसे करा, असे म्हटले नाही. बाळाला थोडा संत्र्याचा रस द्या, असे सांगितले. दुधात मुळातच बेताचे असलेले जीवनसत्त्व स्वस्तात दुसरीकडून देता येते, क्षयाने गेलेले मूल परत आणता येत नाही. शास्त्रीय वृत्ती म्हणतात ती ही. आक्षेप खरा असेल तर तो मान्य करायचा, पण त्याचे वजन करून.

तिसरा आक्षेप छोट्या शेतकऱ्याचा. यंत्र महाग, ते बड्या दूधकंपन्यांना परवडते, गायी पाळणाऱ्या लहान माणसाला नाही. त्यामुळे सक्तीचा कायदा म्हणजे मक्तेदारीचा कायदा. हा आक्षेप सर्वांत वजनदार होता आणि तो पुष्कळ अंशी खरा ठरला. शहरांचा दूधव्यवसाय मूठभर कंपन्यांच्या हाती गेला. पण या खऱ्या आक्षेपाचे उत्तर मुलांना जंतूंच्या स्वाधीन करणे हे नव्हते. यंत्र सहकारी किंवा सार्वजनिक मालकीचे करणे हे होते. यंत्र कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न, आणि यंत्र काय करते हा प्रश्न, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची सरमिसळ केली की शेवटी फायदा प्रस्थापितांचाच होतो.

१९०८ मध्ये शिकागो शहराने निर्णय घेतला, की गायी क्षयमुक्त असल्याची चाचणी झालेली नसेल तर दूध पाश्चरीकृतच असले पाहिजे. जगातल्या मोठ्या शहरांतला हा पहिला असा कायदा. त्यानंतरच्या दशकात न्यूयॉर्क आणि इतर शहरे त्याच वाटेने गेली. कॅनडात ओंटारिओ प्रांताने १९३८ मध्ये सक्ती केली.

ब्रिटनची कथा अधिक उद्बोधक आहे. १९०१ साली लंडनच्या क्षयपरिषदेत खुद्द कॉखने जाहीर केले, की गायीच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही. क्षयाचा जंतू ज्याने शोधला त्याचाच हा शब्द! गोठेवाल्यांना आणखी काय हवे होते? पण ब्रिटिश सरकारने राजकीय आयोग नेमला, आयोगाने दहा वर्षे प्रयोग केले आणि १९११च्या अंतिम अहवालात कॉखचे म्हणणे खोडून काढले. गायीचा क्षय दुधातून माणसाला, विशेषतः मुलांना होतो, हे सिद्ध झाले. तरीही सक्तीचा कायदा होईना. शेतकरी संघटना, दूधविक्रेते आणि 'नैसर्गिक' अन्नाचे पुरस्कर्ते आडवे आले. १९३८ मध्ये आणलेले दूध उद्योग विधेयक सरकारला मागे घ्यावे लागले. १९४९च्या कायद्यानंतरच पाश्चरीकरण टप्प्याटप्प्याने देशभर लागू होत गेले. १९१२ ते १९३७ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये दुधातून आलेल्या क्षयाने सुमारे ६५ हजार माणसे दगावली, असा अंदाज दिला जातो. पुरावा हाती असताना गेलेले हे बळी आहेत. ज्ञान झाले म्हणून न्याय होतो असे नाही. त्या दोहोंच्या मध्ये हितसंबंध उभे असतात.

(५)

या इतिहासात एक व्यक्ती अशी आहे, जिची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना, त्यातही विद्यार्थिनींना, मुद्दाम करून दिली पाहिजे. ॲलिस इव्हान्स. जन्म १८८१, पेनसिल्व्हेनियातल्या शेतकरी कुटुंबातला. कॉलेजची फी परवडेना म्हणून तिने चार वर्षे गावच्या शाळेत मास्तरकी केली. कॉर्नेल विद्यापीठात ग्रामीण शिक्षकांसाठी फुकट अभ्यासक्रम होता, तिथे गेली, शिष्यवृत्ती मिळवून पदवीधर झाली. पुढे सरकारी दुग्धविभागाच्या प्रयोगशाळेत तिला काम मिळाले. डॉक्टरेट तिने कधी घेतली नाही.

त्या वेळी गायी गाभ टाकतात तो एक रोग माहीत होता. त्याचा जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँगने १८९७ मध्ये शोधला होता. दुसरीकडे, शेळीच्या दुधातून माणसाला होणारा माल्टा ताप माहीत होता. त्याचा जंतू डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये शोधला होता. हे दोन रोग दोन वेगळ्या खात्यांतले. एक गुरांच्या डॉक्टरचा, दुसरा माणसांच्या डॉक्टरचा. दोन्ही जंतू शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, हे कुणाला सुचले नव्हते. इव्हान्सने पाहिले, आणि ते जवळचे सगेसोयरे आहेत असे तिला आढळले. म्हणजे दिसायला निरोगी असलेल्या गायीचे निरसे दूध माणसाला ताप देऊ शकते. हे निष्कर्ष तिने १९१७ मध्ये जंतुशास्त्रज्ञांच्या सभेत मांडले, १९१८ मध्ये प्रसिद्ध केले.

सभेने ते हसण्यावारी नेले. एक बाई, डॉक्टरेट नसलेली, जे भल्याभल्यांना दिसले नाही ते हिला कसे दिसेल? थिओबाल्ड स्मिथसारख्या ख्यातनाम शास्त्रज्ञानेही तिच्यावर अविश्वास दाखवला. १९२०च्या दशकात निरनिराळ्या देशांतून दुजोरे येत गेले तेव्हा विरोध मावळला. आज ब्रुसेलोसिस या एकाच नावाने हे रोग ओळखले जातात. १९२८ मध्ये अमेरिकन जंतुशास्त्रज्ञांच्या त्याच संस्थेने तिला अध्यक्ष केले. त्या पदावरची ती पहिली स्त्री.

पण मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना तिला स्वतःलाच या जंतूची लागण झाली. ताप येई, जाई, पुन्हा येई. अंग ठणके, शक्ती उरत नसे. डॉक्टरांनी निदान केले: हा मनाचा खेळ आहे, शरीराला काही झालेले नाही. ज्या रोगावर तिच्याइतका अधिकार क्वचितच कुणाचा होता, त्या रोगाबाबत तिचाच शब्द कुणी धरला नाही. काही वर्षांनी तिच्या शरीरातून जंतू मिळाला तेव्हा ते गप्प बसले. आपल्याकडे शेतमजुराचा ताप 'कामचुकारपणा' आणि मोलकरणीचे दुखणे 'नाटक' ठरते, त्यामागची वृत्ती हीच आहे. कुणाच्या शरीराची साक्ष ग्राह्य धरायची, हेही सत्ताच ठरवते.

(६)

आता १९२७ सालच्या मार्च महिन्याकडे येऊ. त्या महिन्यात कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात विषमज्वराची भयानक साथ सुरू झाली. पाच हजारांवर माणसे आजारी पडली, सुमारे पाचशे मेली. माग काढता काढता तज्ज्ञ पोचले ते नीट पाश्चरीकरण न झालेल्या दुधापर्यंत.

त्याच मार्चच्या २० तारखेला महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यामागून हजारो अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्याले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे 'बाटले' म्हणून शुद्ध केले. कशाने? १०८ घागरींचा विधी मांडून, शेण, गोमूत्र, दूध, दही या पंचगव्याने, मंत्रांच्या घोषात. जगाच्या एका टोकाला दूध जंतूंपासून शुद्ध कसे करावे याचा शोध चालला होता आणि दुसऱ्या टोकाला शेणमूत मिसळलेल्या दुधाने माणसाच्या स्पर्शापासून पाणी शुद्ध केले जात होते! दोन्हीकडे शब्द एकच होता. पण एका शुद्धीची परीक्षा सूक्ष्मदर्शकाखाली करता येत होती, चुकले तर चुकले असे सिद्ध करता येत होते. दुसऱ्या शुद्धीला परीक्षाच नव्हती, कारण तिचा हेतू रोग घालवणे हा नव्हताच. माणसाला त्याची पायरी दाखवणे हा होता.

या सोवळ्याची मजल पिण्याच्या पाण्याशी थांबली नाही. जयपूर संस्थानातल्या चकवाडा गावी अस्पृश्यांनी आपल्याच लोकांना जेवण घातले आणि त्यात तूप वाढले, एवढ्यासाठी सवर्णांनी लाठ्या घेऊन त्यांच्यावर हल्ला केला, ही हकीगत बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिभेद निर्मूलन' या प्रबंधात नोंदवली आहे. म्हणजे दूधदुभते कुणी खावे यावर बंधन, आणि कुणी विकावे यावरही. अकरा राज्यांतल्या ५६५ खेड्यांची पाहणी करून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया' या ग्रंथातही दलितांना दूध विकण्यात येणाऱ्या अडथळ्यांची नोंद आहे. दूधसंस्थेतले फॅट मोजणारे यंत्र जात विचारत नाही. त्या यंत्रापर्यंत कुणाची किटली पोचू द्यायची, हे मात्र माणसे ठरवतात.

आपल्याकडे निरशा-तापवलेल्या दुधाचा वाद पाश्चात्य देशांसारखा पेटला नाही, याचे कारण साधे आहे. आपण दूध उकळतो. ते नासू नये म्हणून उकळतो, पण त्याने जंतूही मरतात. मुंबईला १९४५ पासून आणंदहून पाश्चरीकृत दूध येऊ लागले, १९४९ मध्ये शहरातले तबेले हलवण्यासाठी आरे कॉलनी उभी राहिली. त्याच आणंदच्या दुधाचा मलिदा व्यापारी खातात म्हणून खेड्याच्या शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये आपला सहकारी संघ काढला. यंत्र तेच ठेवून मालकी बदलण्याचे हे उदाहरण आहे, आणि वर सांगितलेल्या तिसऱ्या आक्षेपाचे तेच खरे उत्तर आहे. त्या संघातही भूमिहीनाच्या वाट्याला काय आले हा प्रश्न उरतोच, पण तो सोडवायचा आहे यंत्राच्या अलीकडे.

(७)

आज हा वाद पुन्हा डोके वर काढतो आहे. अमेरिकेत १९८७ पासून निरसे दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला बंदी आहे, तरी अनेक राज्यांत ते स्थानिक पातळीवर विकले जाते आणि त्याच्या भक्तांची संख्या वाढते आहे. आपल्याकडेही मोठ्या शहरांत देशी गायीचे निरसे दूध काचेच्या बाटलीतून, चढ्या भावाने, 'पूर्वजांचा वारसा' म्हणून दारात येते. कॉइटचे प्रमाणित दूध निदान डॉक्टरांच्या तपासणीतून जात होते. इथे अनेकदा तपासणीची जागा श्रद्धेने घेतली आहे. २०१७ मध्ये तर केंद्र सरकारने पंचगव्याच्या शास्त्रीय पडताळणीसाठी समिती नेमली. पडताळणीला आपला विरोध असण्याचे कारण नाही. पण निष्कर्ष आधी ठरवून पुरावा मागाहून गोळा करणे याला पडताळणी म्हणत नाहीत.

अशा वेळी आपली भूमिका स्पष्ट असली पाहिजे. 'नैसर्गिक' हा शब्द जिथे जिथे येतो तिथे आपण सावध झाले पाहिजे. आपल्याला सांगितली गेलेली चातुर्वर्ण्याची उतरंडही नैसर्गिकच होती. क्षयाचा जंतूही नैसर्गिकच आहे. निसर्ग हा न्यायाचा आधार होऊ शकत नाही. माणसाने माणसासाठी जाणीवपूर्वक केलेली व्यवस्थाच तो होऊ शकते, आणि पाश्चरीकरण ही अशी एक व्यवस्था आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर हा इतिहास अर्धाच वाचल्यासारखे होईल. पाश्चरीकरणाने वाचवले ते दूध पिणाऱ्याला. दूध काढणाऱ्याचे काय? ब्रुसेलोसिस केवळ दुधातून होत नाही. गाभ टाकलेल्या गायीची वार, मेलेले वासरू, रक्त, गोठ्यातला ओलावा यांच्या स्पर्शानेही होतो. जो गोठा साफ करतो, जनावराचे बाळंतपण करतो, मेलेले ढोर ओढतो, सोलतो, त्याच्या हातावरच्या चिरेतून हा जंतू आत शिरतो. आपल्या गावगाड्यात ही कामे कुणाच्या माथी मारली होती, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही. बाटलीतल्या दुधाला आच देता येते, त्या हातांना देता येत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या गायींत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. निरशा दुधात तो भरपूर होता, पाश्चरीकरणाने तो निष्प्रभ होत होता. ग्राहक निर्धास्त झाला. पण लागण झालेल्या माणसांत बहुतेक कोण होते? गोठ्यांत आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये राबणारे मजूर.

या हातांच्या रक्षणाचा उपाय आहे, आणि तो दुग्धशाळेत नाही. तो गोठ्यात आहे. भारतात २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलाविरुद्ध लस टोचायची योजना आहे. ती कागदावरून आपल्या गावच्या गोठ्यापर्यंत आली का, गोठ्यात राबणाऱ्याला हातमोजे मिळतात का, त्याचा वारंवार येणारा ताप तपासताना डॉक्टर त्याला 'तू काय काम करतोस' एवढा एक प्रश्न विचारतो का, हे कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारले पाहिजे. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावात याची नोंद केली पाहिजे. आपल्या तापाची नोंद आपण ठेवली नाही तर दुसरे कुणी ठेवणार नाही, हे ॲलिस इव्हान्सच्या आयुष्यातून शिकण्यासारखे आहे.

महाडच्या त्या परिषदेत पाणी पिण्यापूर्वी काही ठराव झाले होते. स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, असा त्यांतला एक. शंभर वर्षे होत आली. तळ्याचे पाणी आपण मिळवले. दुधातला जंतू विज्ञानाने मारला. पण तो ठराव अजून पुरता अमलात आलेला नाही, आणि दुधाच्या शुद्धतेची चर्चा कुठेही सुरू झाली की आपण आधी त्याची आठवण करून दिली पाहिजे.